गिअर कुणी बदलायचा?

"गिअर आपोआप पडायला लागला की चालवण्यातला निम्मा विचार संपतो," हातानंच गिअर टाकणाऱ्या साधकानं थेट मुद्द्यालाच हात घातला. "शर्यतीच्या सिम्युलेटरमधल्या ऑटो गिअरला एवढंच कळतं, की आरपीएम लाल रेषेपर्यंत गेले म्हणजे वरचा टाकायचा आणि उतरले म्हणजे खालचा. पुढचं वळण त्याला दिसत नाही. ओल्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना चालक मुद्दाम वरच्या गिअरात राहतो, कारण खालच्या गिअरात मागच्या चाकांवर जोर जास्त येतो आणि गाडी गर्रकन फिरते. दोन वळणांमधलं अंतर थोडं असेल तर तो गिअर बदलतच नाही, इंजिनाला ओरडू देतो, कारण बदलण्यात गाडीचा तोल हलतो. कधी ब्रेकच्या जोडीला खालच्या गिअरानं वेग उतरवतो. हे सगळे निर्णय आहेत. ते देऊन टाकले तर हातात स्टिअरिंग तेवढं उरतं. जेफ क्रॅमंडनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला वन ग्रां प्री हा खेळ तयार केला, तेव्हा कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या सहा बटणांवर सहा मदती ठेवल्या होत्या: आपोआप ब्रेक, आपोआप गिअर, घसरलेली गाडी आपोआप सरळ होणं, आपटूनही न मोडणारी गाडी, ट्रॅकवर आखलेली आदर्श रेषा आणि कोणता गिअर हवा याची सूचना. खेळाच्या पाच पातळ्या होत्या. पातळी चढाल तशा मदती हातून जात. शिकण्याची इतकी स्वच्छ शिडी नंतरच्या खेळांत फार क्वचित दिसते."

"शिडी स्वच्छ आहे, पण ती कुठे जाते?" त्याच्याशी वाद घालणाऱ्या शंकेखोरानं विचारलं. "वर पोचलं की खरी गाडी असते, असं तुम्ही धरून चालला आहात. कोणती खरी गाडी? 1989 साली जॉन बर्नार्डनं फेरारी 640 ला स्टिअरिंगमागच्या पॅडलनी चालणारा गिअरबॉक्स दिला आणि नायजेल मॅन्सेलनं ब्राझीलमधली त्या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. तिथून पुढे लिव्हर ओढून गिअर टाकणं ग्रां प्रीतून हळूहळू गेलंच. 1993 ची विल्यम्स एफडब्ल्यू 15सी घ्या. चाकं जागेवर फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, ब्रेक दाबल्यावर ती लॉक होऊ न देणारं एबीएस, ॲक्टिव्ह सस्पेन्शन, सगळं तिच्यात होतं आणि ॲलन प्रॉस्ट तिच्यातूनच जगज्जेता झाला. त्याच वर्षी विल्यम्सनं ठरावीक गिअरच नसलेला सीव्हीटी बसवून चाचणी घेतली, डेव्हिड कूल्टहार्डनं ती गाडी चालवून पाहिली. पुढे 2001 च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून 2003 च्या अखेरीपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्सला मुभा होती. मिशाएल शूमाकरची 2001, 2002 आणि 2003 ची विजेतेपदं याच काळातली आहेत. त्याचा निम्मा विचार संपला होता का? आणि आजच्या जीटी3 वर्गातल्या शर्यतीच्या गाड्या? त्यांच्यात एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल नियमानुसारच असतं. सप्टेंबर 2025 मध्ये मॅक्स व्हर्स्टापेननं नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर फेरारी 296 जीटी3 घेऊन शर्यत जिंकली, ती याच मदतींसह. त्याचा जोडीदार ख्रिस लुलहॅम सिम रेसिंगमधून पुढे आलेला. त्या दोघांना कुणी नवशिके म्हटलं नाही."

साधकाला यातला एकही दाखला नाकारायचा नव्हता. त्याचा आक्षेप होता तो गाळलेल्या भागाला.

"1994 च्या हंगामापासून ही सगळी इलेक्ट्रॉनिक मदत बंद केली गेली, हे तुम्ही सांगितलं नाहीत. 2001 मध्ये तिच्यातली काही मदत परत आली, कारण सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय दडवलंय ते तपासणं परीक्षकांच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. चालकांना ती हवी होती म्हणून आली नाही. मग 2004 पासून स्वयंचलित गिअरबॉक्स आणि शर्यत सुटतानाचा वेग सांभाळणारं लाँच कंट्रोल पुन्हा गेलं. 2008 मध्ये सगळ्या संघांना एकच नियंत्रक संगणक सक्तीचा झाला आणि ट्रॅक्शन कंट्रोलही गेलं. ज्या खेळाला तंत्रज्ञानाचा सर्वांत जास्त अभिमान, त्यानंच चालकाची मदत दोनदा काढून घेतली. आज त्या गाडीत आठ गिअर आहेत आणि केव्हा कोणता टाकायचा ते चालकच ठरवतो. जीटी3 चं म्हणाल, तर तिथलं एबीएस हे गाडीचं अंग आहे. चालक शर्यत चालू असताना त्याची पातळी बदलतो. त्याच्या जिवावर पेडलवर नुसता पाय आपटला तर गाडी उशिरा थांबते, वळायला नकार देते आणि टायर तापतात. असेटो कोर्सा या सिम्युलेटरमध्ये यासाठीच 'फॅक्टरी' हा पर्याय आहे. प्रत्यक्षातल्या गाडीत एबीएस असेल तर मिळेल, नसेल तर नाही. 1967 च्या लोटस 49 ला एबीएस लावून कुणी ती चालवल्याचं समाधान मागत असेल, तर माझी हरकत तिथे आहे."

'फॅक्टरी' हा पर्याय या सगळ्या वादातला सर्वांत प्रामाणिक तोडगा आहे, हे मान्य करायला हवं. त्यामुळे प्रश्न खेळाडूच्या लायकीवरून गाडीच्या स्वभावाकडे वळतो. अमुक मदत घेणारा कच्चा आणि न घेणारा पक्का, ही भाषाच तिथे गैरलागू ठरते. पण तोडगा प्रामाणिक असला तरी अपुरा आहे, आणि शंकेखोरानं त्याच्या नेमक्या फटीत बोट घातलं.

"गाडी खरी केलीत. चालकाचं काय? खऱ्या गाडीत ब्रेक दाबला की अंग पुढे फेकलं जातं, पट्टे छातीत रुततात. मागचा भाग सुटायला लागला की ते आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. चाक लॉक होण्याच्या बेताला आलं की पेडलमधून, सीटमधून, सगळ्या सांगाड्यातून थरथर येते. घरच्या खुर्चीत यातलं काय येतं? पडदा, आवाज आणि स्टिअरिंगमधून जेवढा जोर मोटर परत देते तेवढाच. स्वस्तातल्या पेडलमध्ये तर ब्रेक किती खाली गेला एवढंच मोजतात. खऱ्या गाडीत पायाला अंतरापेक्षा जोर आठवतो, म्हणून महागड्या पेडलमध्ये जोर मोजणारा लोडसेल बसवतात. तेव्हा सिम्युलेटरमध्ये एबीएस बंद करणारा माणूस खऱ्या चालकाच्या पातळीवर जात नाही. ज्या इंद्रियांवर खरा चालक विसंबतो ती काढून घेऊन तो तेच काम करू बघतो. त्याच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे. पण त्याला वास्तव म्हणू नका.

"आणि आपल्याकडे बहुतेक मुलं सुरुवात कशावर करतात? लॅपटॉपच्या कीबोर्डवर, नाहीतर गेमपॅडवर. कीबोर्डचं बटण दाबलेलं असतं किंवा नसतं, मधलं काही नाही. डावीकडचं बटण दाबल्याबरोबर चाकं पूर्ण वळली तर पहिल्याच वळणावर गाडी भिंतीत जाईल. म्हणून खेळ आतल्या आत स्टिअरिंग हळूहळू वळवतो आणि वेग जास्त असेल तर कमी वळवतो. गेमपॅडच्या बोटभर काडीलाही अशीच गाळणी लागते. हाही असिस्टच, म्हणजे मदतच आहे, फक्त यादीत त्याचं नाव नसतं. सगळे असिस्ट बंद केले असं छाती ठोकून सांगणाऱ्या मुलाच्या हाताखाली तो चालूच असतो."

साधकाला इथे एक पाऊल मागे यावं लागलं, आणि तो आला. कीबोर्डवाल्यानं एबीएस चालू ठेवावं, ट्रॅक्शन कंट्रोलही ठेवावं, असं त्यानं मान्य केलं. बटणानं अर्धा ॲक्सिलरेटर देताच येत नाही, मग चाक फिरण्याचा दोष त्या मुलाच्या पायाला कसा द्यायचा? मात्र त्यानं आदर्श रेषेचा विषय काढला, आणि तो काढताना त्याचा आवाज चढला.

"सर्वांत निरुपद्रवी वाटणारी मदत तीच, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तीच करते. ट्रॅकवर हिरवा पट्टा आखलेला असतो, ब्रेकची जागा आली की तो लाल होतो. नवशिक्याला ट्रॅक कळतो म्हणून बरं वाटतं. पण त्याची नजर गाडीच्या पुढच्या थोड्याशा रस्त्यावर खिळते. वळणाच्या आतल्या कडेवर, बाहेर पडण्याच्या जागेवर, त्याहीपुढच्या वळणावर नजर टाकायची सवय त्याला लागतच नाही. ब्रेकची खूण म्हणून शंभर मीटरचा फलक, डांबराचा बदललेला रंग, कुंपणातली फट, हे काही तो शोधत नाही, कारण रंग सांगतो आहे. मग समोर दुसरी गाडी आली आणि आतून वळण घ्यावं लागलं की तो हरवतो. रेषा एकट्या गाडीसाठी आखलेली असते आणि शर्यत एकट्यानं होत नाही. टायर झिजले, टाकीतलं इंधन कमी झालं, पाऊस आला, तर ब्रेकची जागा पुढेमागे सरकते आणि ती सरकल्याचं ओळखणं हेच शिकायचं असतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात. चार दिवसांनी तो सोडतात. इथे मात्र वर्षानुवर्षं भोपळा बांधून लोक म्हणतात, आम्हाला पोहता येतं."

"भोपळा बुडू देत नाही, हातपाय मात्र आपलेच मारावे लागतात," शंकेखोर म्हणाला. "तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे, ते नीट सोडवू या. मदती सगळ्या एका जातीच्या नाहीत. काही हातापायाचं काम करतात: आपोआप क्लच, स्टिअरिंगची गाळणी. काही इंद्रियांचं काम करतात: एबीएस हा एका अर्थी न जाणवणारी थरथर जाणवून घेणारा पाय आहे. आणि काही निर्णय घेतात: ब्रेकची जागा सांगणारी रेषा, आपोआप लागणारा ब्रेक. तुमचा राग तिसऱ्या जातीवर आहे. तो मलाही पटतो. पण तुम्ही तिन्हींना एकाच 'बंद करा'मध्ये कोंबता, तेव्हा काही माणसं ट्रॅकबाहेरच राहतात.

"ऑक्टोबर 2023 मध्ये आलेल्या फोर्झा मोटरस्पोर्ट या खेळात अंध खेळाडूंसाठी ध्वनिसंकेतांची एक पूर्ण यंत्रणा आहे. वळण किती जवळ आलं, गाडी कडेला किती सरकली, वेग कधी उतरवायचा, गिअर कधी बदलायचा, हे कानातल्या आवाजावरून कळतं. गाडी चालवतो तो अंध माणूसच. या यंत्रणेसाठी ब्रँडन कोल या अंध सल्लागारानं काम केलं होतं. आता तुमच्या रेषेचा नियम इथे लावून बघा. ब्रेकची जागा सांगणारी म्हणून ही मदत वाईट म्हणायची? की डोळ्यांच्या जागी कान देणारी म्हणून चांगली? डोळस माणसासाठी जी मदत निर्णय हिरावून घेते, तीच दुसऱ्याला निर्णय घेण्याच्या जागेपर्यंत पोचवते. खऱ्या ट्रॅकवरही हेच आहे. बिली मंगर या ब्रिटिश चालकानं 2017 च्या अपघातात दोन्ही पाय गमावले, हातानं चालवायच्या नियंत्रणांसह तो परतला आणि 2019 मध्ये त्यानं पो ग्रां प्री जिंकली. त्याच्या गाडीत बदल केले म्हणून त्याचं जिंकणं कमी झालं का?"

"नाही," साधक लगेच म्हणाला. "तसूभरही नाही."

या उत्तरानं वादाचा सूर बदलला. तोवर साधक एका शुद्धतेचं रक्षण करत होता. आता त्याला ती शुद्धता नेमकी कशात आहे हे शोधावं लागलं. ते त्यानं मनापासून केलं, म्हणून पुढचं बोलणं मोलाचं आहे.

"मंगरच्या गाडीनं त्याच्यासाठी काहीही ठरवलं नाही. ब्रेक कधी, किती, हे त्याचंच होतं. म्हणजे माझ्या मागणीत हातपाय नव्हतेच, हे मला आता दिसतंय. मला हवी आहे ती वेळ. केव्हा, हा प्रश्न चालकाकडे राहिला पाहिजे. मग गिअर कुठे बसतो बघा. क्लच दाबणं आणि लिव्हर ढकलणं हे हातापायाचं काम. इंजिनाचा आवाज ओळखणं हे कानाचं. आणि कोणत्या वळणाला दुसरा, कोणत्या वळणाला तिसरा, हा निर्णय. तुमच्या तिन्ही जाती एका गिअरात आहेत. ज्याला क्लच दाबता येत नाही त्यानं तो आपोआप ठेवावा. ज्याचा एक हात चालत नाही त्यानं दोन्ही पॅडल एका हाताशी घ्यावीत. ऐकू येत नसेल तर पडद्यावर दिवा लावावा. पण निर्णय सोडू नये. आपल्याकडे घाट उतरणाऱ्या कुठल्याही ट्रकचालकाला विचारा. खंडाळ्याच्या उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून तो घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकतो. संकट दिसण्याआधी घेतलेला निर्णय आहे तो. आरपीएम बघून चालणारा ऑटो गिअर तो कसा घेणार?"

"खऱ्या रस्त्यावर तुम्ही म्हणता तसंच आहे. पण शर्यतीत कसोटी वेगाची," शंकेखोर म्हणाला. "पोर्शेची गोष्ट बघा. 2013 मध्ये त्यांनी 911 जीटी3 ही रस्त्यावरची गाडी आणली ती फक्त पीडीके या स्वयंचलित दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससह. चाहते नाराज झाले. 2016 मध्ये 911 आर हाताच्या गिअरची निघाली आणि 2017 च्या जीटी3 मध्ये हाताचा गिअर पुन्हा मिळू लागला. आकडे बघा: शून्य ते शंभरला पीडीकेला 3.4 सेकंद, हाताच्या गिअरला 3.9. लोकांनी पैसे मोजून अर्धा सेकंद हळू गाडी घेतली, आणि मला त्यांचं मन कळतं. क्लच, इंजिनाचा आवाज आणि हात एका क्षणी जुळण्यात जो आनंद आहे तो आकड्यांत मावत नाही. 1998 च्या ग्रां प्री लेजंड्समध्ये 1967 च्या बिनपंखांच्या गाड्या होत्या. पहिल्याच वळणावर गिरक्या खाऊनही माणसं त्या खेळाला वर्षानुवर्षं चिकटून राहिली ती याच आनंदासाठी. पण मग याला आनंद म्हणा. कौशल्याची कसोटी म्हणून दुसऱ्यावर लादू नका."

साधकाला ही विभागणी मान्य नव्हती. आनंद आणि कौशल्य असे वेगळे काढता येत नाहीत, असं तो म्हणाला. 1991 च्या ब्राझीलच्या शर्यतीत आयर्टन सेनाचा गिअरबॉक्स बिघडत गेला आणि शेवटच्या फेऱ्या त्यानं सहाव्या गिअरात अडकलेली गाडी ओढत पूर्ण करून शर्यत जिंकली. संथ वळणांत इंजिन बंद पडू न देता गाडी बाहेर काढायची, तर प्रत्येक गिअरात ती काय करते हे आधी अंगात मुरलेलं लागतं. "गिअर नसताना काय करायचं, हेही गिअर बदलत आलेल्या माणसालाच सुचतं. आज शहरातली कितीतरी मुलं गाडी शिकतात तीच ऑटोवर. रस्त्यावर माझी काही तक्रार नाही. गर्दीत डावा पाय वाचतो. पण हे ज्ञान उद्या टिकायचं असेल तर ते सिम्युलेटरमध्येच टिकेल, कारण तिथे चुकलं तर गिअरबॉक्स मोडत नाही आणि माणूसही मरत नाही."

मग प्रश्न एकत्र धावण्याचा आला, आणि दोघंही तिथे अडले. आधीच्या फोर्झा खेळांत मदती बंद केल्या तर बक्षिसाची रक्कम वाढत असे. शंकेखोराला ही पद्धत अन्यायाची वाटत होती, कारण ज्याला मदत बंद करणं शक्यच नाही त्याला प्रत्येक शर्यतीनंतर कमी पैसे मिळणार. साधकाला ती निदान उघड वाटत होती: जास्त जोखीम, जास्त मोल. फॉर्म्युला वनला सात वर्षं जे तपासता आलं नाही ते सिम्युलेटरचा सर्व्हर एका क्षणात तपासतो; कुणाची कोणती मदत चालू आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तेव्हा नियम राबवता येईल का, ही अडचण इथे उरतच नाही. नियम काय असावा, एवढंच उरतं.

"एकाच रांगेत ऑटोवाला आणि मॅन्युअलवाला उभे राहिले आणि ऑटोवाला जिंकला, तर तुम्ही त्याला विजेता म्हणाल?" शंकेखोरानं विचारलं.

"म्हणेन. पण माझ्याइतकं काम करून जिंकला असं म्हणणार नाही."

"आणि त्याची बोटं सावकाश चालतात म्हणून त्यानं ऑटो ठेवला असेल तर? तुम्ही म्हणालात, हाताला सोय द्या, कानाला दिवा द्या, निर्णय त्याचा राहू द्या. ताशी अडीचशेच्या वेगात निर्णय आणि बोट वेगळे कसे करायचे? तिसरा गिअर हवा हे त्याला वळणाच्या आधी माहीत आहे, बोट मात्र वळणात पोचतं. त्यानं ठरवलं होतं की नव्हतं?"

साधक यावर बराच वेळ बोलला, पण त्याचं उत्तर त्यालाच पुरेसं वाटलं नाही. शेवटी त्यानं एक प्रयोग सुचवला. नेहमी एकत्र धावणाऱ्या खेळाडूंची एक शर्यत सगळ्यांनी ऑटोवर करायची आणि तीच गाडी, तोच ट्रॅक घेऊन दुसरी सगळ्यांनी हाताच्या गिअरवर. गिअर हा खरोखर निम्मा विचार असेल तर क्रम उलटापालटा होईल. शंकेखोराची खात्री होती की पहिले तिघं तेच राहतील, कारण नजर आणि ब्रेक ज्याचे चांगले तो कशावरही पुढेच असतो. पण क्रम तोच राहिला तरी ऑटोवर चालवणारा पूर्ण चालक ठरतो असं साधक मानायला तयार नव्हता, आणि क्रम बदलला तरी सावकाश बोटांच्या माणसाचा प्रश्न सुटतो असं शंकेखोर मानायला तयार नव्हता.

ट्रॅक कोणता घ्यायचा यावर तर ते तिथेच अडून बसले. साधकाला मोनॅको हवा होता, जिथे हेअरपिनपासून बोगद्यापर्यंत हात गिअरवरून उठत नाही. शंकेखोराचं म्हणणं, मोंझा घ्या: लांब सरळ रस्ते, मोजके गिअरबदल आणि तीनशेच्या वेगातून एकदम पहिल्या शिकेनच्या नागमोडी वळणासाठी ब्रेक. मोनॅको निवडला की उत्तर आधीच ठरतं, असं त्यानं बजावलं. मोंझाबद्दल साधकानंही नेमकं तेच बजावलं.